साडेअकरा

गोळी कापायला मी वडिलांचा अडकित्ता घेतो.
पोरवाल केमिस्ट म्हणाला होता, त्याचं यंत्र मिळतं, साठ रुपये.
पण अडकित्त्याला सवय आहे
कठीण गोष्टीचे बेतशीर तुकडे करण्याची.
मधल्या खाचेवर धार, श्वास धरायचा, टच्.
एक अर्धी पाण्याबरोबर,
एक अर्धी चुन्याच्या रिकाम्या डबीत.
बोटाची भुकटी चाटून घ्यायची,
कारण तीही हिशेबात आहे.

एकतीस वर्षं मी विद्यापीठात उत्तरपत्रिकांच्या बेरजा तपासल्या.
आत पानापानावर सांडलेले गुण, कव्हरवर एकूण,
जुळलं की हिरवी खूण, पुढची.
शहाण्णव साली एका कव्हरवर तेवीस होते.
आत बत्तीस असावेत, असं मला रात्री अंथरुणावर वाटलं.
सकाळी गठ्ठा गेलेला.
तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल,
एखादं दुकान असेल, सून येणार असेल,
त्याचं काही बिघडलंही नसेल.
माझ्याकडे मात्र तो रोज रात्री दोन वाजता
नापास होतो.

मग ते पसरत गेलं.
गॅसचा खटका. जिन्याचं कुलूप. भोपाळहून ऋजुताचा न आलेला फोन.
आलेला फोन.

डॉक्टर सोजतियांना हे सगळं हिंदीत सांगावं लागतं.
"घबराहट होती है," मी म्हणतो.
घबराहट ठीकच आहे,
पण ती जिना धावत चढलेल्या माणसाची.
माझ्यात बसून आहे ती धास्ती.
दिवेलागणीला तिची हुरहूर होते,
जेवणानंतर जीव टांगणीला लागतो,
आणि ही टांगणी कुठल्या खुंटीला आहे
ते इंदुरात चार पिढ्या काढूनही
मला त्यांच्या भाषेत दाखवता येत नाही.
ते इंग्रजीत एकच शब्द लिहितात.
खाली, पॉइंट टू फाइव्ह, आधी आधी, रात को.
"चिंता मत कीजिए."
पोरवाल पट्टीवरची लाल रेघ दाखवतो,
रजिस्टरात माझं नाव चढवतो,
आणि मराठी गिऱ्हाइकांसाठी शिकलेलं एकमेव वाक्य म्हणतो:
"काळजी घ्या, काका."
घेतोच आहे.

गोळी काळजी नेत नाही.
तिला पलीकडच्या खोलीत बसवते, पंखा लावून देते.
भिंतीतून आवाज येतो तिचा, शब्द कळत नाहीत.
सराफ्यातून खाऊन परतणारी पोरं गल्लीत मोठ्याने हसतात
आणि ते हसणं माझ्यावर नाही
हे मला चक्क पटतं.
सकाळी जीभ जड असते.
फुलपात्र हातातून निसटतं.
वार कोणता, ते आंघोळ होईपर्यंत परत येत नाही.
पण झोप झालेली असते.

परवा डबी आणि पट्टी मिळून मोजल्या.
साडेअकरा हव्यात.
दहा भरल्या.
पुन्हा दहा.
ओट्याखाली बॅटरी धरून ओणवा झालो,
पालथ्या हाताने फरशी चाचपली,
छातीत तेवीस, बत्तीस, तेवीस, बत्तीस.

अंधारातून वृंदा म्हणाली,
"मी घेतल्या. तीन अर्ध्या.
तुम्ही रात्रभर मोजत असता.
मी ते ऐकत असते."

तीन अर्ध्या. दीड. बरोबर.
इतकं चोख जुळलेलं उत्तर माझ्या हाताखालून
कधी गेलं नव्हतं,
आणि हिरवी खूण करायला
बोट उचललं नाही.
ती कुशीवर वळली, झोपली.
मी तिचे श्वास मोजले नाहीत.
म्हणजे, शंभरपर्यंतच.

आज आम्ही दोघं बाकावर, सतरा नंबर, अठरा नंबर.
"आपको क्या तकलीफ है, भाभीजी?"
वृंदा देवासची, तिची हिंदी माझ्याहून सफाईदार.
भाजीवाल्याला ती शेर ऐकवते.
तरी तिने माझ्याकडे पाहिलं, शब्दासाठी.
मीही तोच शोधत होतो.
डॉक्टरांचं पेन कागदाच्या बोटभर वर थांबलेलं.
बाहेर कंपाउंडर
एकोणीस, एकोणीस, असं ओरडत होता.